उरलेला दीड

मिस्त्रीला बसता येत नसे. म्हणजे गुडघे धड होते, पाठ धड होती. पण बसायला माणसाजवळ जो काही धीर लागतो तो त्याच्याजवळ नव्हता. जेवताना ताट हातात घेऊन तो खिडकीपर्यंत जाई, दोन घास तिथे खाई, परत ओट्याशी येई. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर चहा येईपर्यंत त्यांच्या दाराची बिजागरी हलवून बघत उभा राही. बायको म्हणायची, यांच्या पायांना चाकं लावलीत आणि ब्रेक लावायला विसरलेत.

फक्त एका ठिकाणी हा माणूस स्थिर असे. हातात गॅसची टॉर्च, डोळ्यांवर काळा चष्मा, समोर दोन पत्रे आणि त्यांच्यामधून सरकत जाणारं वितळलेल्या लोखंडाचं थेंबाएवढं तळं. तिथे त्याचा श्वाससुद्धा बेताने चाले.

कारखान्यात टाक्या बनत. पाण्याच्या, तेलाच्या, दुधाच्या. मोठे जोड विजेच्या वेल्डिंगने होत. पण पातळ पत्रा, बारीक नळ्या, कोपऱ्यातली नाजूक कामं गॅसवर, आणि गॅस म्हणजे मिस्त्री. शाळा सुटली तसा तो इथे आला होता. आधी झाडू मारला, मग दुसऱ्यांसाठी रबरी नळ्या धरल्या, मग कुणीतरी आजारी पडलं म्हणून टॉर्च हातात आली, ती पुन्हा कुणी परत मागितली नाही. लग्न झालं, मुलगा झाला, मुलाचं लग्न झालं. एका बाटलीतून ॲसिटिलीन येत राहिलं, दुसरीतून ऑक्सिजन.

मग त्याच्या जोडांना घाम फुटू लागला. टाकी तयार झाली की तिच्यात पाणी भरून दाब देतात. जोड चांगला असेल तर बाहेरून कोरडा राहतो. मिस्त्रीचे जोड आजवर कोरडे राहत आले होते. त्या वर्षी एकावर बारीक थेंब दिसले, मग दुसऱ्यावर, मग दुधाच्या टाकीचा अख्खा कोपरा ओला झाला. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की एवढी वर्षं त्या उजेडाकडे बघितल्यावर डोळ्यांनी जे करायचं ते केलंय. जवळची बारीक रेघ आता पूर्वीसारखी दिसणार नाही.

सुपरवायझर माणूस वाईट नव्हता. त्याने मिस्त्रीला बाजूला घेऊन दोन वाटा सांगितल्या. एक, गेटवर. आत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या, खुर्ची मिळेल, सावली आहे. दुसरी, कारखान्याच्या ओळखीची एक प्रशिक्षण शाळा होती, तिथे पोरांना गॅस वेल्डिंग शिकवायला मुरलेला हात हवा होता. डोळे थोडे कमी असले तरी चालतील, पोरांचे डोळे आहेतच. पण नियम असा की शिकवणारा दहावी पास हवा. आणि मिस्त्री दहावीला एका विषयात राहिला होता. विज्ञान.

त्या संध्याकाळी तो घरी लांबच्या रस्त्याने आला. खुर्ची हा शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी, एका खुर्चीवर, गेटकडे तोंड करून. मरणाची त्याला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

घरात विज्ञान होतं, पण ते सुनेच्या रूपात. ती जवळच्या शाळेत हाच विषय शिकवायची. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सासरा आणि सून एकमेकांशी जपून बोलत; ती भाजी वाढताना विचारी, तो मानेने सांगे. तिच्याकडे शिकायला बसायचं म्हणजे सगळी मांडणीच उलटी करायची. दोन दिवसांनी बायकोनेच विषय काढला.

"अगं, यांना जरा शिकवशील का? म्हणजे बसले तर."

सून म्हणाली, "उभ्याने शिकवीन."

शिकवणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिची शाळा आणि त्याचा कारखाना सुटल्यावर. ती बसायची, तो टेबलाला कडेकडेने फेऱ्या घालायचा. प्रकाश, वीज, भिंगं ही प्रकरणं त्याने पटापट पार केली. मग आली रासायनिक समीकरणं, आणि मिस्त्रीच्या पायांचा वेग वाढला. शाळेत असताना याच ठिकाणी तो अडकला होता. फळ्यावर मास्तरांनी लिहिलेली अक्षरं आणि त्यांच्या पायाशी चिकटलेले ते बारके आकडे त्याला अजून दिसत.

सून समजावून सांगे. बाणाच्या डाव्या बाजूला जेवढे अणू आत गेले, तेवढेच उजव्या बाजूला बाहेर आले पाहिजेत. मधे कुणी हरवत नाही, कुणी नवा येत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी करायचं, तर डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे पाण्यात एक. आता काय कराल?

मिस्त्रीने तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि पाण्याच्या ऑक्सिजनखाली दोनाचा आकडा घातला.

"हे पाणी राहिलं नाही, बाबा. हे जखमेवर लावायचं औषध झालं. खालच्या आकड्याला हात लावायचा नाही."

"मग हात लावायचा कुठे?"

"पुढे. अख्खं पाणी दोनदा घ्यायचं. मग हायड्रोजन दोनदा."

त्याला ते हळूहळू जमू लागलं. पत्रा कापून छोटा करायचा नाही, अख्खे पत्रे किती लागतील ते बघायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. लोखंडाचा गंज जमला. चुनखडी जमली. ओट्याशी उभं राहून कांदा चिरता चिरता बायको विचारी, आज कोण कोण तोललं गेलं. टेबलाभोवतीच्या फेऱ्या थोड्या मंदावल्या. परीक्षेचा अर्ज भरला गेला. एक दिवस सुनेला वाटलं, आता बक्षीस म्हणून यांना यांचाच गॅस द्यावा. तिने कागदावर लिहिलं:

C₂H₂ + O₂ → CO₂ + H₂O

"हे काय आहे सांगा."

मिस्त्रीने त्या C₂H₂ कडे बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं ज्याच्या वासाने कपडे भरले, तो हा. त्याने आकडे घालायला सुरुवात केली. कार्बन दोन, म्हणून उजवीकडे दोन. हायड्रोजन बसला. ऑक्सिजन उजवीकडे चार आणि एक, पाच. डावीकडे जोडीनेच येतो, म्हणजे अडीच जोड्या. अर्धी जोडी ठेवत नाहीत म्हणून सगळं दुप्पट. दोन ॲसिटिलीन, पाच ऑक्सिजन. सून खूश झाली. तिने बरोबरची खूण केली.

तो मात्र थांबला होता. टेबलाच्या कोपऱ्याशी, चालता चालता, एक पाय पुढे तसाच.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

"कुठे चुकलं?"

"दोनाला पाच म्हणजे एकाला अडीच. एवढा ऑक्सिजन मी सोडला तर जोड जळून जाईल. माझ्याकडे एकाला एक लागतो. बाटल्यांवरचे दाबाचे दोन्ही काटे सारखे."

"बाबा, मोजून बघा ना. कार्बन इकडे चार, तिकडे चार."

"कागदावर बरोबर आहे ते."

तिने त्याला समजवायचा प्रयत्न केला. विचारलं, तुमच्या ज्योतीच्या भोवती काय असतं? तो म्हणाला, काही नसतं, मोकळं असतं. मोकळं म्हणजे काय, असं ती विचारत होती तेव्हा तो दारापाशी चपला शोधत होता. ती म्हणाली, निदान परीक्षेपुरतं पुस्तकातलं लिहा, मार्क तर मिळतील, मग आपण भांडू.

"खोटं लिहून पास व्हायचं?"

ती उठून उभी राहिली. "मी रोज वर्गात पोरांना खोटं शिकवते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

त्याला तसं म्हणायचं नव्हतं. पण जे म्हणायचं होतं तेही त्याच्याजवळ शब्दांत नव्हतं. तो चपला घालून बाहेर पडला.

मग घरात बोलणं अगदी बेताचं झालं. ताट त्याच्या हातात येई, पण भाजी हवी का असं कुणी विचारेना. टेबलावरचं पुस्तक मिटलेलं राहिलं. बायको म्हणाली, लोक पुस्तकामुळे नापास होतात, हे पुस्तकालाच नापास करायला निघालेत.

मिस्त्री संध्याकाळी रस्त्याने चालत राही. दुकानं, पाण्याचे नळ, भट्टीचं धुराडं, गॅरेजमधला ठोकठोक आवाज. अडीच, अडीच, असं त्याचं पाऊल पडे. त्याचे हात एक सांगत होते, कागद अडीच सांगत होता, आणि दोघंही हट्टाने खरे होते. हात खोटे ठरले तर आयुष्य खोटं. कागद खोटा ठरला तर परीक्षा खोटी आणि पुढे खुर्ची. दुसरं कुठलंही समीकरण सोडवायला घेतलं की त्याला वाटे, यातही काही तरी लपवलेलं असणार. साधा कोळसा जाळायचा तरी पेन्सिल पुढे जाईना. परीक्षा जवळ आली होती आणि तो होता त्याहून मागे गेला होता.

कारखान्यात त्याला आता नाजूक कामं देत नसत. पण एका टाकीच्या आत, तळाजवळ, नळीचा एक जोड उरला होता आणि तिथे शिरून काम करणारा दुसरा कुणी हजर नव्हता. बंद टाकीत काम करताना तिच्या तोंडाशी पंखा लावून आत हवा सोडायची असते, तशी ती लावली. टाकीच्या तोंडाशी लंबू बसला. लंबू फिटर होता, मिस्त्रीचा जुना जोडीदार, आणि सगळ्या कारखान्यात मिस्त्रीला शिव्या देण्याचा अधिकार फक्त त्यालाच होता.

मिस्त्रीने ज्योत पेटवली. काम अर्ध्यावर आलं आणि वीज गेली. पंखा घरघरत थांबला. लंबूने वरून सांगितलं, बाहेर ये. मिस्त्री म्हणाला, एवढा जोड संपवतो. टॉर्चला विजेची गरज नव्हती. टोकाशी होता एक छोटा कपड्याच्या बटणाएवढा पांढरा शंकू, टोकदार, जसा हवा तसा. मिस्त्री नेहमी त्याच्याकडेच बघे. सगळेच वेल्डर त्याच्याकडेच बघतात. त्याच्या भोवती एक फिकट निळं आवरण असतं, त्याला कुणी विचारत नाही.

आज ते आवरण लांबू लागलं. शंकू होता तसाच राहिला, पण निळी जीभ वाढत गेली, पसरट झाली, जोड सोडून इकडेतिकडे फिरू लागली. अंधारात कुणी भिंत चाचपत दार शोधावं तशी. मिस्त्रीने ऑक्सिजनची चावी किंचित फिरवून पाहिली. शंकू लगेच आखडला, म्हणजे बाटलीत काही कमी नव्हतं. त्याने चावी परत जागेवर आणली. जीभ पुन्हा लांबली, वरच्या तोंडाकडे ओढली गेली. त्याला वाटलं, हिला बाहेर जायचंय. मग वाटलं, पाय जड झालेत, वय झालं. मग काय वाटलं ते त्याला नंतर आठवलं नाही.

त्याला जाग आली तेव्हा तो बाहेर जमिनीवर आडवा होता. त्याच्या सदऱ्याची काखेतली शिवण उसवली होती, कारण लंबूने त्याला तिथे धरून ओढलं होतं. टॉर्च विझवलेली, चाव्या बंद. लंबू शेजारी उकिडवा बसून न थांबता शिव्या देत होता आणि मधूनमधून त्याच्या गालावर चापट्या मारत होता.

मिस्त्री श्वास घेत राहिला. आत येणारी हवा त्याला जाणवत होती, एखादी वस्तू हातात यावी तशी. एक बाटलीतून येतो, त्याने विचार केला. आणि उरलेला दीड?

"लंब्या," तो म्हणाला, "दीड माझ्या नाकासमोरून गेला."

"काय गेला?"

"ऑक्सिजन."

लंबूला वाटलं याच्या डोक्यावर परिणाम झाला. त्याने पाणी आणायला हाक मारली.

त्या दिवशी लवकर सुट्टी मिळाली. सून शाळेतून आली तेव्हा मिस्त्री स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होता. उसवलेला सदरा बायकोने काढून घेतला होता आणि ती आतल्या खोलीत तो शिवताना काहीबाही पुटपुटत होती. तो सुनेला म्हणाला, तू मला एक विचारलं होतंस, भोवती काय असतं म्हणून.

"विचारलं होतं."

"हवा असते."

ती हसली नाही. तिने पिशवीही खाली ठेवली नाही, तशीच टेबलाशी बसली आणि कालचाच धडा पुढे चालवावा तशी लिहू लागली. आतल्या पांढऱ्या शंकूत एकाला एकच जळतो, तुमचे काटे बरोबर आहेत. पण तिथे तो अर्धवट जळतो. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. त्यांना पुरतं जळायला अजून दीड लागतो आणि तो ते आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतात. एक आणि दीड, अडीच. हवा नसेल तर मोनॉक्साइड तसाच राहतो. त्याला वास नसतो, तो आधी कळवत नाही.

त्याने तो कागद उचलून जवळ धरला, मग लांब धरला. सगळे हजर होते. कुणी हरवलं नव्हतं.

"हे तुला तेव्हा माहीत होतं?"

"अंदाज होता, नक्की नव्हतं. त्या दिवशी तुम्ही गेलात, मग शोधलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का?" ती म्हणाली आणि मग पहिल्यांदा तिने पिशवी खाली ठेवली. "आणि खोटं म्हणालात ते मला लागलं होतं."

त्याने मान हलवली. माफी मागणं त्याला येत नसे. त्याने तिच्या पिशवीतली पाण्याची गळकी बाटली उचलली, नळाशी नेली, झाकणाचं रबर उलटं बसवून पाहिलं आणि भरून तिच्यापुढे ठेवली.

त्यानंतर समीकरणं त्याला अडली नाहीत. कठीण वाटली, लांब वाटली, पण त्यांच्यावरचा संशय गेला. आकडा अर्ध्यावर अडला की तो घाबरत नसे. अर्धा आला म्हणजे सगळ्यांना दुप्पट करायचं. परीक्षेच्या खोलीत त्याच्या शेजारी त्याच्या मुलाहून लहान मुली बसल्या होत्या. पर्यवेक्षकाने त्याला सारखा उठबस करताना पाहून दोनदा विचारलं, काका, काही हवंय का? ॲसिटिलीन प्रश्नपत्रिकेत आलंच नाही. अमोनिया आला, तांबं आलं, लोखंडावरून वाफ जाण्याचं एक वाकडंतिकडं समीकरण आलं, त्यात त्याचा बराच वेळ गेला. निकाल लागला तेव्हा तो काठावर पास होता. सुनेने शाळेत सगळ्यांना पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून सांगितलं की आमचे बाबा पास झाले.

पण शांत होण्याऐवजी त्याची तगमग वाढली. पूर्वी ज्योत दोन बाटल्यांची होती. आता जिथे जिथे त्याने ती पेटवली होती त्या सगळ्या खोल्या तिच्यात येऊन उभ्या राहिल्या. तळघरं, जिन्याखालच्या बोळकांड्या, दाटीवाटीची वर्कशॉपं. तिथे कोण कोण होतं, कोण खोकत होतं, कुणाचं डोकं दुखत होतं. लग्नानंतर सुरुवातीला ते एका खोलीत राहत असत, तिथे थंडीच्या दिवसांत त्याने लोकांच्या लोखंडी खाटा जोडून दिल्या होत्या आणि कोपऱ्यात मूल झोपलेलं असे. एका सकाळी त्याने बायकोला विचारलं, तेव्हा दार लावलेलं असायचं का गं?

"कसलं लावलेलं. तुमच्या त्या गॅसच्या वासाने मला मळमळायचं. मी उघडंच ठेवायची."

"थंडी वाजायची नाही?"

"वाजायची की. तुमचं लक्ष होतं का?"

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणाली, असं काय बघता, दूध उतू जाईल.

प्रशिक्षण शाळेत त्याची नेमणूक झाली ती तात्पुरती. काम पाहून कायम करू, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. माणूस भला, पण ते नेहमी घाईत असत. बोलता बोलता त्यांचं निम्मं अंग पुढच्या कामाकडे वळलेलं असे. त्यांनी वर्कशॉप दाखवलं. चार पायऱ्या उतरून खाली, लांबट खोली, एक दार. वरची झरोक्यासारखी खिडकी रंग बसून घट्ट झालेली. भिंतीत हवा ओढणारा पंखा होता, तो बंद होता. टेबलं सहा, म्हणजे सहा टॉर्च, आणि पोरं त्याच्या दुप्पट.

मिस्त्री खोलीभर फिरला. मग दाराशी येऊन उभा राहिला. मनातल्या मनात त्याने सहा ज्योती पेटवल्या आणि विझवल्या.

"इथे पेटवणार नाही," तो म्हणाला.

मुख्याध्यापक म्हणाले की पंख्याची तक्रार केलेली आहे, माणूस येईल. तोवर दार उघडं ठेवून चालवा, आधीचे मास्तर चालवत होते. मिस्त्रीने विचारलं, आधीचे मास्तर एका वेळी किती टॉर्च पेटवत? ते त्यांना माहीत नव्हतं. ते पायरीवरून मागे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमची नेमणूक अजून कच्ची आहे. पहिल्याच दिवशी वर्ग झाला नाही तर मी वर काय सांगू?"

खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर येऊन गेली. गेट, सावली, गाड्या.

"वर्ग होईल," तो म्हणाला. "बाटल्या मैदानात नेतो."

दोन पोरांना घेऊन त्याने ढकलगाडीवर साखळीने बांधलेल्या बाटल्या पायऱ्यांवरून एकेक पायरी वर चढवल्या. मैदानात झाड नव्हतं, आडोसा नव्हता. वारा होता. पहिल्यांदा पेटवली ती ज्योत फट् करून विझली. पोरं हसली. दुसऱ्यांदाही विझली. एक पोरगा म्हणाला, सर, यापेक्षा आत बरं होतं. मिस्त्रीने वाऱ्याकडे पाठ केली, अंगाचा आडोसा केला, पेटवली आणि दोन्ही चाव्या फिरवत शंकू टोकदार केला.

"आत जे पांढरं दिसतंय ते बाटलीतलं," तो म्हणाला. "बाहेरचं निळं आहे ते आपल्या सगळ्यांचं. त्याच्याकडे आधी बघायचं."

पोरं वाकून बघू लागली. वारा थोडा सरकला की मिस्त्री सरके, आणि तो सरकला की सगळा घोळका त्याच्याभोवती सरके. वरच्या मजल्याच्या खिडकीत मुख्याध्यापक उभे होते, कितीतरी वेळ. मग खिडकीत कुणी नव्हतं. थोड्या वेळाने शिपाई निरोप घेऊन आला. पंखा दुरुस्त होईपर्यंत मैदानात चालेल. पण बाटल्या संध्याकाळी कुलपात, आणि पाऊस आला तर वर्ग रद्द.

मिस्त्रीने हो म्हटलं की नाही ते शिपायाला कळलं नाही. वारा आता दुसऱ्या बाजूने येऊ लागला होता.